बारा आणे छत

बिस्मिल्ला म्हणा आणि भिंतीच्या कडेकडेनं या, मौलवीसाहेब. ज्याच्या आभाळाला खांब नाही आणि तरी तडा नाही, त्याचं नाव आधी. मग आपलं हे छत. आपलं म्हणजे कसं — चार आणे या मुनव्वर अलीचं, बारा आणे तुमच्या बँकेचं. व्याज हराम, म्हणून घर भागीत घेतलं. तुमच्या हिश्श्याचं भाडं भरतो आणि दरसाल तो थोडा थोडा विकत घेतो. सही करताना तुमच्याच मुफ्तींनी बजावलं होतं — घराला मोठं दुखणं लागलं तर ज्याचा जेवढा हिस्सा, त्याचा तेवढा खर्च; राहणाऱ्याच्या हयगयीनं मोडलं, तर सगळं त्याच्या माथी. मी म्हटलं, वा, सुखदुःखाचा सोयरा मिळाला. तर सोयरे, दुःख हे असं वर लोंबतंय. सून शुक्रवारी तान्ह्याला घेऊन माहेराहून यायची आहे, आणि तिची खोली हीच.

हयगय? माझी? तोबा. या छतावर मी नातवंडांना पतंगसुद्धा उडवू दिला नाही. वर जातं कोण? कुणी नाही. त्या भेगेतून वर दिसतेय ती लोखंडी कडी? जुनी आहे — म्हणजे, फार जुनी नाही. बादशहाची. तुम्ही बघायला हवा होतात त्याला. वासरू होता तेव्हा जिन्यानं चढला, स्वतःच्या पायांनी. दोन वर्षं हरभरा खाल्ला, दूध प्यायला, आणि मग जिना त्याला पुरेना. आता कराचीत यात नवल ते काय — आमच्या गल्लीत तीन छतांवर बैल असतात. बकरीदेच्या आधी क्रेन आली, पोटाखाली पट्टा घातला, आणि नवाब हवेत तरंगत उतरले. बायाबापड्या गच्चीगच्चीतून बघताहेत. वजन? अठरा मण, एक शेर कमी नाही. उचलताना जरा बिथरला, चारी खुर आपटले त्यानं, आणि खालून जे धाडकन —

पेनाला टोपण का लावलंत? ऐकलंच नाही म्हणता?

काढा ते. लिहा — राहणाऱ्याची हयगय. खोटं बोलून घातलेल्या छताखाली कपाळ कुठल्या तोंडानं टेकू? गवंडी मी बोलावतो, सुनेला बैठकीत निजवतो. मात्र खाली हेही लिहा, की त्या कुर्बानीच्या पुण्यात बँकेची भागी नाही. तिथं सोळा आणे मी. हसू नका, लिहा.

झालं? मग उठा. अल्ला तुमचं, शेजाऱ्यांचं, हे ज्याच्या ज्याच्या कानी पडेल त्या प्रत्येकाचं घर उभं ठेवो, आणि घरातल्यांना त्यात सुखानं नांदू देवो. आमीन. या आता.