एकटी कामून गेलीस

मूळ मी कंधारकडची. गावाचं नाव सांगून उपेग न्हाई, कंधारहून निघालेल्या बशीतून फाट्यावर उतरायचं आन कोसभर चालायचं, असं ते गाव. धम्म घेतलेलं घर आमचं, माझ्या जन्माच्या आधीच घेतलेला. बा माझा कंधारला शाळेत शिपाई, माय लोकांच्या वावरात रोजानं जायची. बाला वाचायचा लई नाद, शाळेतली जुनी वर्तमानपत्रं घरी आनायचा आन आमाला मोठ्यानं वाचून दाखवायचा. वस्तीत कुनी पोरगी शाळेतून काढली की त्यांच्या दारात जाऊन बसायचा, ती परत शाळेत जाईल म्हनून कबूल करून घेतल्याबिगर उठायचा न्हाई. असा मानूस. आन ह्याच मानसानं एकदा भाकर करपली म्हनून मायला फुंकणीनं मारलं. मी आठ-नऊ वर्षांची असंल. मायनं दुसरी भाकर थापली, बा जेवला आन वरून म्हनला, ही चांगली झाली. मी बगत होते. मला त्या दिवशी बाची भीती न्हाई वाटली, किळस आली. आपल्याच बापाची किळस येनं काय असते, काय सांगू तुमाला. पुढं त्यानंच मला नांदेडला ठेवून बी.ए. केलं, हे बी खरं. दोन्ही खरं हाय, मी त्यातलं एक बी सोडत न्हाई.

लग्न होऊन इकडं आले. लातूर जिल्हा तवा नवाच झाला होता. आमच्या कॉलेजच्या पाटीवर उस्मानाबादवर रंग मारून लातूर लिहिलं होतं, पन रंग पातळ, उन्हात खालचं उस्मानाबाद दिसायचं. नवा जिल्हा म्हनून जिकडं-तिकडं सत्कार आन भाषनं. त्या येळी कॉलेजात मुलींचं होस्टेल निघालं आन मला तिथं रेक्टर म्हनून घेतलं. शिकवणाऱ्या बायांना सगळे म्याडम म्हनायचे, मला बाई. झाडणारीला बी बाई, मला बी बाई. कामून, ते मला ठाऊक होतं, त्यांना बी ठाऊक होतं. असू द्या.

तेच्यातच दुष्काळ पडला. होस्टेलचा बोअर आटला. ट्यांकर तीन-चार दिवसाला एकदा यायचा, तो बी आधी संस्थेच्या लोकांकडं जायचा, उरलं तर आमच्याकडं. बत्तीस पोरी होत्या. अंघोळ आठवड्यातून एकदा, कपडे तर विचारूच नका. कॉलेजच्या आवारातच एका सरांचा बंगला होता आन त्यांच्या विहिरीला तेवढं पानी होतं. शास्त्राचे सर. नाव घेत न्हाई मी त्यांचं, घेतलं की तोंड कडू होते. तर सर म्हनले, पोरी माझ्याच लेकीसारख्या, येऊ द्या पान्याला. सगळ्यांनी वाहवा केली. संस्थेच्या बैठकीत त्यांना हार घातला, मी बी टाळ्या वाजवल्या.

पोरी पाळीपाळीनं जायच्या. त्यातली एक संगीता, नायगावकडची, शेतकऱ्याची पोरगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ती एक दिवस माझ्या खोलीत येऊन नुसती उभी राहिली. काय गं म्हनलं. म्हनली, बाई, सर घागर उचलून देताना हात धरतेत, सोडत न्हाईत. आता तुमी म्हनाल मी काय केलं. मी म्हनलं, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात हायेत, परीक्षा दोन महिन्यांवर आली, एकटी जाऊ नको आन गप बस. हेच शब्द. मी म्हनले हे. फुंकणीचा मार बगितलेली मी, बी.ए. झालेली मी.

आठ-धा दिवसांनी भर दुपारी ती आली, घागर रिकामी, बाही फाटलेली. सोबतची पोरगी तापानं पडली होती म्हनून एकटी गेली होती. सरांनी आत बोलावून दार लावलं. ही ओरडली, त्यांना ढकलून मागच्या दारानं पळाली. बोलताना तिचे दात वाजत होते, त्या उन्हात. मी तशीच तिला घेऊन प्राचार्यांकडं गेले. प्राचार्यांनी सगळं ऐकलं, पंखा मोठा केला आन मला म्हनले, बाई, हे बाहेर गेलं तर उद्या पोरींना पानी कोन देईल? मी म्हनलं, सर, पान्याचं मग बगू, आधी हिच्याकडं बगा. ते म्हनले, तुमी भावनेच्या भरात बोलून राहिल्या.

मी तिथून हटले न्हाई, तवा त्यांनी चौकशी लावली. तीन प्राध्यापक, तिघं बी त्या सरांच्या सोबत रोज चहा पिनारे. मला दाराशी खुर्ची दिली. पोहे आले, चहा आला, त्यांनी खाल्लं, पोरगी उभी. मग एकानं तोंड पुसत विचारलं, एकटी कामून गेलीस? दुसरा म्हनला, ओढनी होती का अंगावर? तिसरा म्हनला, सरांनी कधी मार्क कमी दिले होते का तुला, राग होता का? ती प्रत्येकाला उत्तर देत होती, शाळेत तोंडी परीक्षा देतेत तशी. मग सरांना बोलावलं तर ते रडले. मोठा मानूस ढसाढसा रडला, माझ्या लेकीसारखी म्हनला, आन ते तिघं उठून त्याची पाठ थोपटायला लागले. टेबलावर पोह्याच्या उष्ट्या बशा तशाच पडल्या होत्या. अजून मी पोहे खात न्हाई. लोक म्हनतेत पित्त हाय का बाई तुमाला. हाव म्हनते.

निकाल असा लागला की गैरसमज झाला. संगीताच्या बापाला बोलावून घेतलं. साधा मानूस, एवढंच म्हनला, नांदेडची गाडी किती वाजता हाय? पेटी उचलून मी स्टँडवर गेले. बस निघताना संगीतानं खिडकीतून माझ्याकडं बगितलं आन म्हनली, बाई, तुमी पैल्यांदाच सांगितलं होतं गप बस म्हनून, तेच ऐकायला पायजे होतं. तिला टोमना मारायचा नव्हता हो. तिला खरंच तसं वाटत होतं. ते जास्त वाईट.

आन पानी? पानी त्याच विहिरीतून येत राहिलं. ट्यांकर न्हाई तर काय करनार, पोरी टोळी करून जायच्या, मी काठाशी उभी राहायची. मी बी पिले ते पानी. पाऊस पडेपर्यंत पिले.

त्याच्यानंतर मी शनिवारी दुपारी मेसमधे पोरींना बसवायला लागले. कुनी सांगितलं नव्हतं. काय बोलायचं ते बी ठाऊक नव्हतं. पैल्यांदा म्हनायची, संभाळून राहा, टोळीनं जा, लवकर या. एक दिवस एक पोरगी म्हनली, बाई, सगळं आमीच करायचं तर पोरांनी काय करायचं? मी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हनलं, बगा, आज मला एका पोरीनं अक्कल शिकवली. मग मी पोरांच्या वर्गावर जायची परवानगी मागितली. प्राचार्य हसले. दुसरे प्राचार्य आले, ते बी हसले. श्रमदानाच्या शिबिरात पोरं एका गावी जायची, तिथं मी भाकरी थापायच्या निमित्तानं जायची आन जेवनं झाल्यावर बोलायची. अशी लई वर्षं काढली.

मग वरून हुकूम आला, प्रत्येक कॉलेजात बायांच्या तकरारीची समिती पायजे. आमच्याकडं धावपळ. समितीत बाई पायजे, मागासवर्गीय बी पायजे, तर मला घातलं, एका बाईत दोन रकाने भरले. आन अध्यक्ष व्हायला कोनती म्याडम तयार न्हाई, नाव खराब होते म्हनून, तर ते बी माझ्याच गळ्यात घातलं. मला म्हनले, बाई, काही करायचं नसते, वर्षाला एक अहवाल द्यायचा, निरंक लिहायचं.

मी पेटी लावली तकरारीची. पैल्या महिन्यात काय निघालं, गुटख्याच्या पुड्या आन घाणेरड्या चिठ्ठ्या. माझ्यावर लिहिलेल्या बी होत्या, जातीवरून होत्या. मी त्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन पोरांच्या वर्गावर गेले, परवानगी न मागता, आता अध्यक्ष होते ना मी. टेबलावर ओतल्या आन म्हनलं, ज्याला हे लिहिता येते त्यानं पुढं येऊन मोठ्यानं वाचावं. आधी खिदळले. मग एक-एक खाली बगायला लागला. अर्धा तास मी तशीच उभी होते. कोनी आलं न्हाई. शेवटी मागच्या बाकावरचा एक जन उठून म्हनला, बाई, मी लिहिलं न्हाई, पन माझा बाप माझ्या मायला मारतो, तवा मी बाहेर निघून जातो, मी काय करू? मी त्याला फुंकणीचं सांगितलं. सगळ्या वर्गासमोर बाचं नाव घेऊन सांगितलं. म्हनलं, मी बी नुसती बगत बसले होते, तू बाहेर जाऊ नको, मधी उभा राहा, मायला एकटं सोडू नको. त्या दिवसापासून पोरं माझ्याशी बोलायला लागली. सगळी न्हाई. पन लागली.

आता ते सर. ते तोवर उपप्राचार्य झाले होते, केस काळे करायचे. एम.एस्सी.च्या एका पोरीनं लेखी तकरार दिली. तेच, केबिनचं दार लावून घ्यायचं, तेच शब्द, लेकीसारखी. वाचताना मला राग न्हाई आला, घाण वाटली, की ह्या मानसाला इतक्या वर्षांत नवं वाक्य बी सुचलं न्हाई. मी त्या पोरीला आधी बसवलं, पानी दिलं, आन ती बोलेल तसं तिच्याच शब्दात लिहून घेतलं. ओढनीचं विचारलं न्हाई. सर माझ्या घरी पेढे घेऊन आले. म्हनले, ताई, दोघंबी रिटायरला आलो. पैल्यांदा ताई म्हनले. मी पेढ्याचा पुडा उंबऱ्याच्या बाहेर ठेवला आन दार लावून घेतलं.

समितीतले बाकीचे म्हनले, एकीच्या सांगन्यावर कसं करायचं? मग मी नायगावला गेले, संगीताला हुडकत. सापडली. तिकडंच जवळच्या गावी दिली होती, दोन लेकरं, सासरच्या हळदीच्या वावरात होती. मला वळखलं तिनं, पन या म्हनली न्हाई. बांधावर उभं राहून मी सगळं सांगितलं, म्हनलं, तुझी साक्ष पायजे, तुझं नाव बाहेर जानार न्हाई. ती खुरपनं थांबवून म्हनली, साक्ष देते, पन बाई, आधी माझी माफी मागा. मी म्हनलं, त्या सरानं मागायला पायजे. ती म्हनली, त्याची मला गरज न्हाई. तो घाणच होता. मी तुमच्याकडं आले होते, आन तुमी मला गप बसवलं. मी त्या वावरात, तिच्या सासूसमोर, हात जोडले. चुकलं म्हनलं माझं. तिनं खुरपं बांधावर ठेवलं. मग खाली बसली आन म्हनली, माफ केलं असं न्हाई, पन लिहा. मी लिहिलं. तिनं स्वतःच्या हातानं खाली सही केली, पूर्ण नाव, माहेरचं आन सासरचं बी.

तिची सही झाल्यावर कॉलेजातल्या अजून तिघी पुढं आल्या. निकाल समितीनं एकमतानं दिला, कारन कागद इतका पक्का होता की न्हाई म्हनायला कोनाला तोंड उरलं न्हाई. सर गेले. पन कसे गेले ते बी ऐका. संस्थेनं त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला, तब्येतीचं कारन, आन हॉलमधे निरोपाचा कार्यक्रम केला. शाल, श्रीफळ, संस्थेचा आधारस्तंभ म्हनून भाषन. मला पुष्पगुच्छ द्यायला सांगितलं होतं, काय निर्लज्ज लोक बगा. मी गेले न्हाई. मी त्या येळी पोरांच्या वर्गावर होते, आन ऐकायला येत होत्या टाळ्या. ती एम.एस्सी.ची पोरगी बी वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हनलं, ऐकू येते का? हाव म्हनली. मग आमी दोघींनी दार लावून घेतलं आन मी पुढं बोलायला लागले. आज ती लातूरला एका कॉलेजात शिकवते. संगीता माझ्याशी बोलत न्हाई, मी बी फोन करत न्हाई, तिचा हक्क हाय तो.

मी रिटायर झाले. आता जिकडं-तिकडं बायांच्या सुरक्षेचे कार्यक्रम होतेत, फलक लावतेत, फोटो काढतेत, मला बी बोलावतेत दीप लावायला. वीट आला मला त्याचा. स्टेजवर माझ्या शेजारी कोन बसलाय ते मला ठाऊक असते ना. तुमी आता माझ्या जागी अध्यक्ष झाल्या म्हनून एवढं बोलले म्याडम, न्हाई तर मी हे सांगत न्हाई कोनाला. तुमच्याकडून बी चुकंल. चुकलं की पोरीकडं पायी जा, उशीर झाला तरी जा. मंगल होवो तुमचं. शनिवारी दोन वाजता पैल्या वर्षाच्या पोरांचा वर्ग हाय, मी अजून घेते, तुमी बी या. सुरुवातीला हसतेत. हसू द्या, दार तेवढं उघडं ठेवा.