बोटाला गार लागलं, त्याला मी काय करू?

...आणि वर मलाच बोलतात हो! तुम्हाला सांगतो, आमच्या सुनयनाची हळद, घणसोली गावात दारापुढं मांडव, आणि आमच्या राहीबाईनं अख्ख्या आळीला सांगून ठेवलेलं, "लेकीची हळदीची गाणी मी म्हणनार, माईकवर!" आणि दुपारीच ते आवाजाचं मशीन बिघडलं. नुसतं घुंईंईं...

धनाजी मेकॅनिक आला, तर त्याची बोटं सोल्डर करताना भाजलेली, दोन्ही हातांना पट्ट्या, वर तपासायचा मीटर बंद पडलेला! म्हणाला, "आप्पा, आत चार ट्रान्झिस्टर हायत. मशीन जरा चालवतो, बंद करतो, मग तुमी बोट लावा. चटका देईल तो गेलेला."

लावलं. पहिला गार, दुसरा गार... चारी गार! आता बोटाला गार लागलं तर माणूस गारच म्हणणार ना? त्यानं परत चालू केलं, तर तिसऱ्यातनं हा धूर! "आप्पा, गार म्हणालात की!" अरे बाबा, वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलून हाताचं झालंय लाकूड. पण हे तेव्हा सुचायला नको?

तिसरा बदलला. तरी घुंईंईं! राहीबाई कडाडली, "व्हा बाजूला! तुमाला काय कळतंय?" आता ही बाई तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलथणारी... चारी दाबून बघितले. "बर्फ हायत!" लगेच दुसऱ्यातनं धूर. तिला कोण बोललं का? छे! बोटाला गार लागलं तर बाईमाणूस गारच म्हणणार, असं झालं!

दुसराही बदलला, तरी तेच. मग समोरच्या बिल्डिंगमधल्या सुधीर साहेबांना बोलावलं. ऑफिसातला हात, लोण्यासारखा! बोट टेकलं न टेकलं, "आई गं!" पुढच्याला, "मेलो!" धनाजी म्हणतो, "साहेब, मी अजून मशीन लावलंच न्हाई..."

शेवटी वैतागून त्यानं चारी नवे घातले. काय आवाज, काय आवाज! नुसतं फुंकलं तरी आळीच्या टोकाला ऐकू जावं. पण आमच्यावर ओरडून ओरडून राहीबाईचा घसा बसलेला. नटूनथटून माईकपुढं आली, तोंड उघडलं... नुसती हवा! बिचारीच्या डोळ्यांत पाणी. मलाही कसंतरी झालं, म्हणून जवळ गेलो, तर माझ्याकडं बघून कुजबुजली, "सगळं तुमच्यामुळं! म्हणे गार हाय!"

माईकवर हो! मशीन एवढं चांगलं झालेलं, शब्द न् शब्द गावभर गेला. सुनयनाच्या हळदीचं गाणं म्हणून आळीतल्या बायकांना आता तेवढंच पाठ हाय. काय करणार... चाल पण लावलीया त्यांनी.