मग तो मंत्री का असेना!

अरे, माझ्या रेंज ऑफिसरच्या परीक्षेचं सांगितलंच नाही ना तुम्हाला? नेमबाजीच्या स्पर्धेत पंच व्हायला सर्टिफिकेट लागतं, म्हणून मी नेरूळला कोर्स केला. शिकवणारे सर भयंकर कडक. "रेंजवर फोन वाजला की तो माणूस बाहेर. मग तो मंत्री का असेना!"

प्रॅक्टिकलला माझ्या ऑर्डरवर सगळे नेम धरून उभे. सर मार्क द्यायला मागे. एकदम शांतता. आणि फोन वाजला. सरांचाच!

आता आली का पंचाईत! सरांना हाकललं तर मार्क कोण देणार? नाही हाकललं तर नापासच. डोळे मिटले आणि ओरडले, "सर, बाहेर!"

सर निमूट गेले की हो!

'स्टॉप, अनलोड' म्हणत बंदुका रिकाम्या करून घेतल्या आणि आम्ही सगळे बाहेर आलो. सर ताठ उभे. "पास! फोन मीच मुद्दाम वाजवला. ही तुमची परीक्षा होती."

आम्ही टाळ्या पिटतोय तोच फोन परत वाजला. सरांनी गडबडीत उचलला, तो स्पीकरवरच. पलीकडे त्यांची आई.

"बाळ्या, मघाशी माझा फोन कट काय केलास रे? कोळंबी आणायला सांगितलं होतं ना?"

सर हळूच म्हणाले, "आणि ही माझी परीक्षा."