गच्चीवरचा दुधी

कस्तुराबाई : ...आन् भिंत अशी फुगलीया, नुसतं बोट लावलं तरी पापुद्रा खाली. माझ्या लेकानं, गणराजनं, सोसायटीत अर्ज दिलाय. मी म्हनलं, आधी वर जाऊन डोळ्यानं बगावं. तुमीच का ते दुसऱ्या मजल्यावरचे विलासभाऊ?

विलास : मीच. आणि तुम्ही गणराजच्या आई, आमच्या या गच्चीच्या बरोबर खाली. बसा ना मावशी, ते स्टूल घ्या.

कस्तुराबाई : बसाया न्हाई आले. ह्ये समदं काय मांडून ठेवलंय? तीस तरी डबं हायती.

विलास : बत्तीस. वीस रंगाच्या बादल्या, बाकीचे भंगारातले क्रेट. मिरची, मेथी, टोमॅटो, वांगी. आणि तारेवर चढवलाय तो दुधी.

कस्तुराबाई : आन् त्यांचं पानी माझ्या भिंतीत मुरतंय.

विलास : मी मोजून घालतो. प्रत्येकाला अर्धा लिटर, सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला.

कस्तुराबाई : दोन टायम? आवं, मेथी हाय का म्हस धुताय? खालची पानं पिवळी पडल्यात, दिसत न्हाई? मातीत बोट घाला. घाला की!

विलास : उजवा हात चालत नाही माझा नीट.

कस्तुराबाई : मग डावा घाला.

विलास : ...ओलं आहे.

कस्तुराबाई : वल्लं हाय तर आनि पानी कशापायी? मुळं कुजत्यात अशानं. लेकराला भूक लागल्यावर जेवाया द्यावं, घड्याळ बगून न्हाई.

विलास : छत्तीस वर्षं लेथवर काम केलंय मी, मावशी. माझ्या मशीनवरनं निघालेला पीस परत आला नाही कधी. इथं मात्र मापच सापडत नाही. हा दुधीच बघा. बोटाएवढं फळ धरतं, चार दिवसांत पिवळं पडतं, गळून जातं. महिनाभर हेच चाललंय. मोबाइलवर बघून खत घातलं, ताक घातलं.

कस्तुराबाई : खत काय करंल त्याला? त्याला जोडीदार पायजे.

विलास : म्हणजे?

कस्तुराबाई : हिकडं या. ह्ये लांब दांडीचं फूल, ह्यो नर. आन् ह्ये, ज्याच्या मागं इवलुसा दुधी हाय, ती मादी. दुधीचं फूल दिस मावळताना उमलतंय. आमच्या महाळुंग्याला पाकुळ्या यायच्या, किडं यायचं, त्यांचं ते करायचं. हितं एवढ्या उंचावर कोन येतंय? नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आन् मादीच्या मधी टेकवायचं. आत्ताच करा, उद्याच्याला ते मिटंल.

विलास : तुम्हीच करा ना. तुमचा हात सरावाचा.

कस्तुराबाई : मी न्हाई करायची.

विलास : का?

कस्तुराबाई : आमची जमीन कंपनीत गेली त्याला सतरा वरसं झाली. पैसा मिळाला, हितं घर झालं, नातवंडं शिकली. वंगाळ झालं असं मी न्हाई म्हननार. पर तवापासनं मातीला हात लावला न्हाई. लावला आन् परत गोडी लागली, तर काय करू? चौथ्या मजल्यावर औत धरू? झाड तुमचं हाय. तुमी करा.

विलास : हात थरथरतो हो. गेल्या दिवाळीत झटका आला. अख्खी उजवी बाजू गेली होती. पाय परत आला, हात अर्धाच आला.

कस्तुराबाई : थरथरतोय तर बरंच की. ती पिवळी भुकटी झडाया पायजे. चिमटीत धरा. आसं.

विलास : पडलं.

कस्तुराबाई : दुसरं घ्या. नर फुलं ढीगभर असत्यात.

विलास : हेही पडलं.

कस्तुराबाई : मला काय सांगताय? मी बगतेय न्हवं. घ्या तिसरं.

विलास : ...टेकलं. मावशी, टेकलं!

कस्तुराबाई : हां. आता हळू फिरवा. लई दाबू नका. आसं. सोडा.

आम्रपाली : पप्पा! तुम्ही इथं आहात? फोन खाली ठेवून आलात. घरभर शोधलं मी तुम्हाला, बाथरूमचं दारसुद्धा वाजवलं.

विलास : अगं, ओरडू नको. मावशी, ही माझी मुलगी, आम्रपाली. चाकणला पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आत्ताच उतरली असेल बसमधून.

आम्रपाली : आजी, तुम्ही का आलात ते माहितीये मला. अर्ज ग्रुपवर वाचला. परवा गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मीटिंग आहे ना? त्याच्या आत हे सगळं खाली जाईल. मी टेम्पोवाल्याशी बोललेय.

विलास : मला न विचारता?

आम्रपाली : तुम्ही मला विचारून फिजिओ बंद केलंत? एका वाटीतले वाटाणे दुसऱ्या वाटीत टाकायचे, एवढाच तर व्यायाम होता. चौथ्या दिवशी वाटी भिंतीवर फेकलीत. आणि इथं एका हातानं बादल्या ओढता.

विलास : वाटाणे या वाटीतनं त्या वाटीत, मग त्या वाटीतनं परत या वाटीत. शेवटी काय हातात? माझ्या हातानं आयुष्यभर काहीतरी बनवलंय, आम्रपाली. खेळ नाही केला.

आम्रपाली : आणि जिन्यात पडलात तर? त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मी ऑडिटमध्ये होते. बघितला आणि कट केला. मी फोन कट केला, पप्पा. शेजारच्यांनी तुम्हाला रिक्षात घालून नेलं. मी पोचले तोवर चार तास गेले होते. तेव्हापासून लाइनवर उभी असते आणि दर दहा मिनिटांनी खिसा चाचपते.

विलास : हे तू कधी बोलली नाहीस मला.

आम्रपाली : काय बोलणार होते?

विलास : अगं, तू उचलला असतास तरी मला बोलता येत नव्हतं. जीभच वळत नव्हती. तुला काही कळलं नसतं. तुझी काय चूक त्यात?

कस्तुराबाई : पोरी, मी परकी बाई, पर एक सांगते. आत्ता तुझ्या बापानं त्या फुलाला फूल लावलं. उजव्या हातानं.

आम्रपाली : उजव्या?

कस्तुराबाई : दोन पाडली. तिसरं लावलं.

आम्रपाली : दाखवा हात. चिमूट करा बरं, पप्पा. परत करा... अहो, वाटाणासुद्धा धरला जात नव्हता या बोटांत.

विलास : कोथिंबिरीचं बी टाकतो रोज. एकेक धणा. तुला सांगितलं नाही, तू रागावली असतीस.

आम्रपाली : मी रागावलेलीच आहे. आणि आजींची भिंत? ती तर खरीच फुगलीये ना?

कस्तुराबाई : फुगलीया तर.

आम्रपाली : मग आधी पाणी कुठं मुरतंय ते शोधू. उतार कुठल्या बाजूला आहे? या कोपऱ्यात? बघा, इथं तळं साचलंय. पाणी जायची जाळी कुठेय?... ही काय. माती आणि पाल्यानं पार बुजलीये.

विलास : ती माती माझीच.

आम्रपाली : हो, तुमचीच. मीटिंगमध्ये काय सांगणार?

विलास : जे आहे ते. चूक माझी. जाळी आज साफ करतो. आणि सगळ्या बादल्या दीड फूट वर, लोखंडी स्टँडवर, प्रत्येकीखाली ताट. स्लॅबवर थेंब पडणार नाही. वेल्डिंग माझा जुना दोस्त करेल, मापं मी देतो. तेवढा टेम्पो थांबव.

आम्रपाली : गुरुवारपर्यंत थांबवते. पुढचं मीटिंग ठरवेल.

(सोळा दिवसांनी. तीच गच्ची, गुरुवारची सकाळ.)

कस्तुराबाई : आनि दोन दिस राहू द्या. बोटाचं नख लागलं की कवळेपना कळतोय. अजून वाढंल त्यो.

विलास : दीड फूट झालाय, मावशी! सात मादी फुलं केली आपण, धरला हा एकटा.

कस्तुराबाई : एक तर धरला. पयल्या वर्साला एवढं लई झालं.

आम्रपाली : आजी, गणराजदादांचा राग गेला का?

कस्तुराबाई : कुटला जातोय! मीटिंगीत मी हुबी राह्यले ना, ‘डबं ऱ्हाऊ द्या’ म्हनले, तर घरी येऊन मला म्हनतो, आये, तू कुनाकडनं हायेस? म्हनलं, भिंतीकडनं. आता भिंत वाळली, मग भांडान कशाचं?

आम्रपाली : तरी ते बारा क्रेट काढावे लागलेच. आणि तीन महिन्यांनी परत बघणार आहेत.

विलास : बघू देत की. वीस पुरेत मला. तोवर पावसाळ्याआधी स्लॅबला कोटिंगही करून घेऊ म्हणालेत.

आम्रपाली : आणि फिजिओ?

विलास : जातोय ना, मंगळवारी आणि शनिवारी. मॅडमना म्हटलं, वाटाणे नकोत, मी माझं मेथीचं बी आणतो. हसल्या. म्हणाल्या, आणा.

आम्रपाली : आजी, तुमच्या नखांत काय आहे?

कस्तुराबाई : कुटं काय?

आम्रपाली : माती आहे.

कस्तुराबाई : मेथी दाट झाली व्हती. ह्यांना जमना उपटाया. मग काय करू, बगत बसू?

विलास : तीन दिवस झाले, सकाळी माझ्याआधी वर असतात.

कस्तुराबाई : झोप लागत न्हाई म्हातारपनी. त्यात काय?

आम्रपाली : काही नाही, आजी. बसा. आज मला सुट्टी, मी खाली जाऊन चहा करून आणते सगळ्यांना.

विलास : तू बस. मी आणतो.

आम्रपाली : पप्पा, गॅस आहे तो.

विलास : गॅस डाव्या हातानं पेटवेन. फोन खिशात आहे, हा बघ. एकेक कप आणतो वर, तीन खेपा होतील. मावशी, साखर किती?

कस्तुराबाई : दोन चमचे. आन् कप भरून आना. सांडला तरी चालंल.