शरदकाकांचा डबा शेवटी का?

नाही, पण मी म्हणतो, वरणभाताचे डबे पोचवायला कॉम्प्युटर कशाला लागतो हो? बँकेतून रिटायर झालो, इथे कोलकात्यात बालीगंजलाच राहिलो, बायको इथल्या एकट्या राहणाऱ्या मराठी म्हाताऱ्यांसाठी डबे करते, मी ते वाटतो... साधं काम! पण आधी कोणाचा डबा, यावरून रोज महाभारत! उषाताई म्हणतात, "वयाप्रमाणे!" रमेशराव म्हणतात, "अंतराप्रमाणे, मी समोरच राहतो!" आमची सायली सॉफ्टवेअरमध्ये. तिने आधी डब्यांची यादी लावायला प्रत्येक तऱ्हेची वेगळी क्वेरी, म्हणजे कॉम्प्युटरला हुकूम, लिहिली, मग "बाबा गो!" करून ओरडली, चिडली की ती बंगालीत चिडते. म्हणाली, "आता एकच लिहिते. कशाप्रमाणे लावायचं, तेवढं सांगा!"

एक्स्प्रेशन ट्री म्हणे! तुम्हाला सांगतो, झाड खरं, पण ते स्वतः काही लावत नाही. कसं लावायचं एवढंच बांधून, यादी सांभाळतो त्या डेटाबेसच्या हातात देतं, लावतो तो बिचारा! वय म्हणा, अंतर म्हणा, कोड तोच. बायको पोळ्या लाटता लाटता म्हणते, "म्हणजे तुमच्यासारखंच. करायचं काही नाही, नुसतं कसं करायचं ते सांगायचं."

आता आमचे शरदकाका. वयाने सगळ्यांत मोठे, घर पलीकडच्याच गल्लीत, तरी हल्ली डबा रोज शेवटी! परवा डबा परत केला हो त्यांनी. "मनोहर, मी नकोसा झालो का रे?" डोळ्यांत पाणी! तडक घरी येऊन ओरडलो, "सायले, तुझ्या झाडाला कीड लागलीय!"

"कीड नाही, बाबा. डबा देऊन तुम्ही किती वेळ बसता, ते तुमच्या फोनवरून कळतं. गेल्या आठवड्यापासून मी त्याप्रमाणे लावलंय. सगळ्यांत जास्त गप्पा, ते घर शेवटी. पूर्वी काका बोलायला लागले की तुम्ही दाराकडे बघायचात, पुढचे डबे गार होतील म्हणून. आता बघता?"

डबा घेऊन तसाच धावलो, काकांना सांगितलं. हसले, डबा उघडला, म्हणाले, "मग बस की!" बसलो. फार बरं वाटलं, खरंच सांगतो.

पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! उषाताईंना सांगून बसलो. आता सगळ्यांचे फोन... "आमचा डबा शेवटी आणा!" आणि सायली आहेच, "कशाप्रमाणे लावायचं, सांगा!" म्हटलं, आळीपाळीने लाव बाई!

घरी पोचेपर्यंत चार वाजतात. म्हणजे खरा शेवटचा डबा माझा! ताट गार. समोर बायको, सकाळपासूनचं सगळं सांगायला बसलेली... आणि इथे दाराकडे बघायचीही सोय नाही!