दोन्ही चाकांची हवा

बाबा : पुढच्या चाकातही हवा नाही! आई, अगं दोन्ही चाकं बसलीत मोटरसायकलची.

आजी : मग शेजारच्या टेलरची स्कूटर घे ना मागून.

बाबा : तिचीही सोडलीय. तो बिचारा अजून झोपलाय, त्याला पत्ताही नाही.

आजी : अगंबाई!

बाबा : हसतेस काय? तिकडे डेपोत टँकर भरून उभा असेल. आज वेळेत पोचलो नाही तर दुसऱ्या ड्रायव्हरला देणार तो, आणि कायमचा. मागच्या खेपेला गाडीची किल्ली पिठाच्या डब्यात सापडली, तेव्हाच साहेब म्हणाले, पोरांच्या गोष्टी मला सांगू नकोस, पुढच्या वेळी घरीच बस.

आजी : हसत नाही रे. पण लहानपणी तू तरी काय वेगळं केलं होतंस? तुझ्या अण्णांच्या सायकलची हवा सोडलीस ती सोडलीस, वर समोरच्या मास्तरांचीही सायकल बसवलीस. ह्यांना मागायलासुद्धा जागा ठेवली नाहीस.

बाबा : मी चिमणीला हे कधीच सांगितलेलं नाही.

आजी : सांगावं कशाला लागतंय? तुझीच पोर ती.

बाबा : तेच तर खातंय मला. अण्णा ट्रक घेऊन गेले की मी म्हणायचो, आपण घराजवळ नोकरी करायची, पोरं झोपायच्या आत घरी यायचं. आणि बसलो कुठे? त्याच सीटवर!

आजी : ह्यांनी पट्ट्याने फोडून काढलं होतं तुला.

बाबा : मी हात नाही लावणार. पण करू तरी काय? रागावून झालं, समजावून झालं, खेळणी आणून झाली... चिमणे! दाराआड काय उभी राहतेस? ये इकडे. आणि छोटूला कशाला लपवतेस मागे?

चिमणी : त्याने काही नाही केलं. तो फक्त बॅटरी धरून उभा होता.

आजी : घ्या!

बाबा : आई, तू थांब जरा. चिमणे, बाबाची नोकरी गेली तर काय होईल, कळतं का तुला?

चिमणी : तू घरी राहशील.

बाबा : आणि खायचं काय आपण?

चिमणी : आई जाते ना दवाखान्यात कामाला. आणि मी थोडं कमी जेवीन.

बाबा : अगं, असं नसतं बाळा. येतो ना मी लवकर. हा गेलो आणि हा आलो.

चिमणी : मागच्या वेळी पण असंच म्हणालास. आणि आलास तेव्हा छोटू पलंगाखाली जाऊन बसला. मला म्हणाला, कोणीतरी काका आलेत.

बाबा : ...हे मला कोणी सांगितलं नाही.

आजी : काय सांगायचं होतं रे तुला?

बाबा : चिमणे, मला तरी कुठे आवडतं गं? रात्री गाडी बाजूला लावली की त्या केबिनमध्ये एकटा बसून रडतो मी. हो, रडतो. झालं समाधान? पण जावं लागतं. दुसरं काही येत नाही तुझ्या बाबाला.

चिमणी : मग जा.

बाबा : रागावलीस?

चिमणी : नाही. पंप जिन्याखाली लपवलाय, आणते. टेलरकाकांच्या स्कूटरमध्ये पण भरू या. त्यांना मी सॉरी म्हणेन. आता परत नाही सोडणार.

बाबा : नक्की?

चिमणी : नक्की. सोडली तरी तू हवा भरून जातोसच.

(ती पंप आणायला जाते. छोटू तिच्या मागे.)

बाबा : सुटलो बुवा एकदाचा! अजून पोचेन मी वेळेत. एवढ्या लवकर ऐकेल असं वाटलं नव्हतं. आई? अगं, तुला का रडू येतंय?

आजी : तूही असाच एक दिवस ऐकलंस. इतका मार खाऊन हटला नव्हतास, आणि एका सकाळी आपणहून सायकल पुसून दारात उभी केलीस. ह्यांना वाटलं, पोरगं शहाणं झालं.

बाबा : मग?

आजी : मग काय? त्यानंतर अण्णा कधी येणार, हे तू मला कधी विचारलं नाहीस.