वगारीनं चाटलेली गाडी

उकंडा : 'वगारीले हात लावला तं तंगडी मोडीन' म्हणतं? अन् तुह्या वगारीनं गाडीले जीभ लावली, तिची तंगडी कोन मोडन वं आत्या?

जनकाआत्या : म्हशीचं मुकं पिल्लू हाये ते, दावं तोडून गेलं. तू तं मुका नाईस! मी पाण्याहून आली नाई तं दारात तुहा तमाशा. सारी गल्ली जमा केली.

उकंडा : मंग काय करू? गाडीवरची किलिंडरकी हातची चालली ना माही!

जनकाआत्या : काऊन? त्या सोनाळ्याच्या उत्तमरावनं मायले रामेश्वराले नेताना तुले गाडीवर घ्याचं कबूल केलं होतं ना?

उकंडा : कबूल केलं, गाडी चांगली धुशीन तं. म्या धुतली. भर दुपारी, उनात. ते चाकाचं घर चकाचक केलं म्या! खाट, स्टो, त्यायच्या मायचा देव्हारा, सारं आतून पुसलं. बाहेरून वाळली, तं अंगभर पांढरे ठिपके. निळ्या रंगावर जशी देवी निंघाली.

जनकाआत्या : कोनत्या पाण्यानं धुतली?

उकंडा : आपल्या हिरीच्या.

जनकाआत्या : अरे माह्या कर्मा! त्या खाऱ्या पाण्यात तुरीची दाळ शिजत नाई लेका, अन् तू नवा रंग धुतला?

उकंडा : मले काय मालूम! गाडी काय दाळ हाये? आता उत्तमराव म्हणते, 'ठिपके निंघाले तं गाडीत बस, नाई तं घरी बस.' रॉकेलनं पुसलं, जात नाई. पण तुही वगार चाटली ना, दाराखाली, तिथं एक ठिपका नाई. आरशावानी झालं. म्हणून म्हणतो, दे वगार.

जनकाआत्या : माही वगार पोतेरं हाये?

उकंडा : जरासक वेळ वं!

जनकाआत्या : अन् वरचं? तिले शिडी लावतं?

उकंडा : वरचं मी पाहीन.

जनकाआत्या : तू चाटतं?

उकंडा : हासू नको आत्या! डोस्कं फिरलं माहं!

जनकाआत्या : ते कवा सरळ होतं? गुर्जीनं छडी उचलली, तं तू त्यायचीच छडी मोडून घरी आला. दोन वर्सं झाले, गावात नुसता भिंगरीवानी फिरतं. ऐक, बैला. खार हाये ते, म्हणून चाटते वगार. माह्या पाण्याच्या पितळी गुंडावर नाई चढत पांढरं? कायनं घासतो आपण?

उकंडा : चिंचेनं.

जनकाआत्या : मंग? घे मडक्यातली. कोळून, नरम फडक्यानं, हलक्या हातानं. गाडी निंबाखाली घ्याले लाव पह्यले.

(काही वेळानं. उकंडा धापा टाकत परत येतो.)

उकंडा : निंघाले! आत्या, निंघाले! उत्तमरावच्या मायनं सोता बोट फिरवून पाह्यलं. म्हणे, पोट्टं कामाचं हाये. माही वळकटी आत ठेवली बी त्यायनं.

जनकाआत्या : मंग तोंड काऊन असं?

उकंडा : चिंच धुवा लागन ना. हिरीचं पाणी मारलं तं पुन्हा तेच.

जनकाआत्या : माह्या गुंडाकडं पाहू नको.

उकंडा : एकच दे.

जनकाआत्या : पेयाचं हाये ते! नदीतली झिरी उपसून आणलं, कंबर गेली माही.

उकंडा : मी आणून देईन.

जनकाआत्या : कवा आणून देशीन? रामेश्वराहून?

उकंडा : (गुंडाजवळ बसत) आल्यावर रोज आणीन वं!

जनकाआत्या : पाहतं काय असा? ने.

उकंडा : कोनता?

जनकाआत्या : दोन्ही ने. लांबलचक गाडी हाये, एकानं काय होते? अन् उनात वाळू देऊ नको, धुतल्या बरोबर कोरडी पूस.

उकंडा : अन् तू?

जनकाआत्या : तू गेल्यावर मले एकटीले कितीकसं लागते आता.

उकंडा : आत्या, असं काऊन बोलतं… तो हार्न वाजून राह्यला. हात सोड, मले जा लागते आता.